कानाला थर्मास

आमचे साहेब शेळीला 'अहो' म्हणायचे. खोटं वाटेल, पण जव्हारच्या गुरांच्या दवाखान्यात मी तीन वर्षं हेच ऐकलं. "अहो, तोंड उघडा जरा." "अहो बाई, पाय झाडू नका, एकदाच टोचणार आहे." बोकडालाही तोच मान. उलट पालघरहून वरिष्ठांचा फोन आला की "हं, बरं, बघतो," एवढ्यावर काम आटपायचं. मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून नगरकडून नवीनच आले होते. पहिल्याच आठवड्यात आईला फोन करून सांगितलं की इथला डॉक्टर जरा सटकलेला आहे, पण मारकुटा नाही.

दुसरं वेड थर्मासचं. लशीच्या कुप्या बर्फात ठेवून न्यायच्या, हे काही त्यांनी शोधून काढलेलं नव्हतं, सगळेच नेतात. पण साहेब तो थर्मास घाटाच्या प्रत्येक वळणावर गाडी थांबवून कानाला लावायचे आणि हलवायचे. आत बर्फाचे तुकडे खुळखुळले की "वाजतोय" म्हणायचे आणि पुन्हा किक मारायचे. मागून माझी स्कूटी. मी पण थांबायचं. येणारेजाणारे हसायचे. बाजारात त्यांचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं, पण 'थर्मासवाले डॉक्टर' म्हटलं की एसटी डेपोसमोरचा पानवालाही दवाखान्याकडे बोट दाखवायचा. मी एकदा वैतागून म्हटलं, साहेब, दहा मिनिटांत काय वितळणार आहे? तर म्हणाले, तुमच्या नगरच्या बर्फाचं माहीत नाही, जव्हारचा बर्फ लबाड आहे.

दवाखान्याची वीज गेली की ते बर्फ मासळीवालीकडून आणायचे. मग थर्मासला बोंबलाचा वास. शेळ्या नाक फेंदारायच्या, आणि साहेब त्यांची समजूत काढायचे की आजचा दिवस चालवून घ्या.

साखरशेत गावी एकदा बर्फ वाजला नाही. लोकांनी सकाळपासून शेळ्या बांधून ठेवलेल्या, चरायला सोडल्या नव्हत्या, दोघाचौघांनी कामाला खाडा केला होता. साहेबांनी थर्मास हलवला, पुन्हा हलवला, आणि एका घरातून पातेलं मागितलं. चुकून कोणी वापरू नये म्हणून सगळ्या कुप्या त्यांच्याच चुलीवर उकळून टाकल्या. मग हात जोडले. माणसांना नाही, शेळ्यांना. "माफ करा. आज तुम्हाला फुकट ताटकळत ठेवलं." लोकांना हसावं की शिव्या द्याव्यात कळेना. शेवटी त्यांनीच चहा पाजला. दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो, आणि बर्फ वाजत होता. मला वाटायचं, एवढं काय ते? जरा कोमट झाली तर काय लस लगेच मरते? साहेब म्हणायचे, बाई, ती जिवंत लस आहे. मेलेली टोचली तर पाणी टोचल्यासारखंच. आणि पाणी टोचलेलं वाईट, कारण लोक निर्धास्त होतात.

ह्या माणसाला मी काय केलं, ते सांगायलाच मी बसले आहे. त्यांचा स्वतःच्या कानावरचा विश्वास माझ्यामुळे गेला. कान शाबूत होता. तो गेलाय असं मी त्यांना वाटू दिलं.

पण आधी दाराबद्दल सांगायला हवं. दवाखान्याच्या आतल्या हिरव्या दाराच्या मागच्या बाजूला साहेब खडूने चित्रं काढायचे. पावसात कोणी फारसं यायचं नाही, मग जो सापडेल त्याला दारामागे उभं करून शिकवायचे. पोस्टमन, मी, एखादा बैल घेऊन आलेला म्हातारा. विषय ठरलेला. पीपीआर, म्हणजे शेळ्यांची बुळकांडी, अंगात शिरली की आत काय होतं.

एक दिवस मोखाड्यापलीकडच्या एका पाड्यावरचा लहानू औषध न्यायला आला होता. मोखाड्याकडची डॉक्टरची जागा तेव्हा रिकामी होती, त्यामुळे ते पाडेही आमच्याच गळ्यात. साहेबांनी त्याला धरलं. दारावर एक गोल काढला. ही पेशी. अंग म्हणजे अशी लाखो घरं. ह्या घरात रोगाचा विषाणू शिरला. आता घराला कळतं, की आपण बिघडलो. ते लपवून ठेवत नाही. आत जो शिरलाय त्याचा एक तुकडा दारावर टांगतं, की बघा, माझ्याकडे हा आलाय. आणि मग ते घर स्वतःला मोडायला घेतं. जाळत नाही, पाडत नाही. तुम्ही घर हलवता तेव्हा कसं करता? कौलं उतरवून रचता, कुडाच्या कारवीच्या काठ्या सोडवता, मेढीचे खांब उपटून बाजूला ठेवता. तसंच, शिस्तीत. मोळ्या बांधून ठेवायच्या आणि संपून जायचं, म्हणजे शेजारच्या घराला काही लागत नाही. हा हुकूम बाहेरून येत नाही लहानू, प्रत्येक घराच्या आत तो जन्मापासून पुरलेला असतो.

लहानूने बराच वेळ दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "एकट्याने घर मोडत नाय साहेब. शेजारी लागतात."

साहेब खडू हातात धरून तसेच उभे राहिले. मग इतके खूश झाले की लहानूच्या पाठीवर पांढरा पंजा उमटला. बरोबर! त्या मोळ्या शेजारच्या पेशी येऊन उचलून नेतात, नाहीतर तिथे नुसता पू होईल. पुढचा महिनाभर ते येईल त्याला सांगत होते की कॉलेजात जे मला दोन वर्षांनी कळलं ते लहानूला दोन मिनिटांत कळलं.

मग मी विचारलं, घर एवढं शहाणं आहे तर शेळ्या मरतात कशाला? साहेबांचा चेहरा पडला, जणू रोग त्यांनीच आणला होता. म्हणाले, विषाणू त्याहून शहाणा. पुरलेला हुकूम कुठे आहे हे त्याला ठाऊक असतं. आपली पिल्लावळ तयार झाली की तोच हुकूम तो स्वतः उकरून काढतो. आणि ह्या रोगात तो नेमका रक्तातल्या पांढऱ्या पेशींत शिरतो. म्हणजे राखणदारांच्या घरात. राखणदारच आपापली घरं मोडून निघून जातात, मग जुलाब काय, न्यूमोनिया काय, कोणीही आत येतं. लस म्हणजे राखणदाराला आधीच चोराचा चेहरा दाखवून ठेवणं. शहाणपण घरात असून भागत नाही बाई, ते वेळेवर लागतं.

मी मान डोलावली. मनात म्हटलं, ह्यांना एखादी शाळा तरी मिळायला हवी होती.

त्या पाड्यावरची माणसं दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर जातात. कोणी भिवंडीकडे, कोणी वसईकडे. घरं बंद. मग सगळ्या पाड्याच्या शेळ्या एका गोठ्यात येतात, जानी म्हातारीच्या. तिच्या हातात पाड्याने वर्षानुवर्षं शेळ्या दिल्या होत्या, आणि म्हातारी शिमग्याला प्रत्येकाची शेळी, पोटातल्या पिलासकट, परत करायची. तिच्या घरी दुसरं कोणी नव्हतं. ही राखण होती म्हणून पाड्यात तिच्या शब्दाला किंमत होती, कोणाच्याही घरी गेली तरी पहिली भाकर तिला होती. साहेबांचा आग्रह असायचा की लोक निघायच्या आत तिथे लस झालीच पाहिजे. एकदा शेळ्या एका गोठ्यात कोंडल्या की एकीला झालं ते सगळ्यांना होणार.

त्या वर्षी साहेबांना पालघरला बैठकीला जावं लागलं. दिवाळी संपून चार दिवस झाले होते, ऊन मात्र अजून ऑक्टोबरचंच. लोक दोन दिवसांनी निघणार होते. दवाखान्याच्या पायरीवर साहेबांनी थर्मास भरला, कानाला लावला, हलवला. "वाजतोय. झाकण उघडू नका. थेट वर जा."

रस्ता संपतो तिथे मी स्कूटी लावली. पुढे तासाभराची चढण. अर्ध्या वाटेवर एक मोठा दगड आहे, आख्ख्या डोंगरात तिथेच मोबाईलला रेंज येते. मी पोचले आणि फोन वाजला. नगरहून भाऊ. माझ्या बदलीचं त्याने कोणाकोणाला धरून जमवत आणलं होतं, आणि त्या दिवशी ते होणार की फिसकटणार असं काहीतरी चाललं होतं. तो दोन मिनिटांनी परत करतो म्हणायचा, मी थांबायची. असं तीन-चारदा. सावली नाही. घामाने जीव नकोसा झाला होता. मी झाकण उघडलं, बर्फाचा एक तुकडा काढून मानेवर फिरवला. मग दुसरा. फोनवर बोलता बोलता किती काढले, मला खरंच माहीत नाही. झाकण बाजूलाच पडलं होतं.

बदली जमली. मी आनंदाने वर गेले.

पाड्यावर शेळ्या सकाळपासून बांधलेल्या. जानी म्हातारीने मला लोटाभर पाणी दिलं. कुप्या काढण्याआधी, सवयीने म्हणा, मी थर्मास कानाला लावला. नुसतं पाणी हललं. हात घातला तर कोमट. मी उभी राहिले. साहेबांनी काय केलं असतं ते मला पाढ्यासारखं पाठ होतं. पातेलं मागायचं, उकळायचं, हात जोडायचे. पण उद्या परत एवढी चढण, परवा लोक गेलेले. आणि साहेबांनी विचारलं असतं, बर्फाला काय झालं? मी काय सांगणार होते, मानेला लावला?

मी टोचलं. सगळ्या शेळ्यांना टोचलं आणि टोचल्याची खूण म्हणून शिंगांना निळा रंग लावला. म्हातारी म्हणाली, "आता काळजी नाय ना बाय?" मी म्हटलं, नाही आजी.

शिमग्याच्या आधी पंधरा दिवस लहानूचा निरोप आला. तो भट्टीवरून लवकर परतला होता. आम्ही गेलो तेव्हा गोठ्याबाहेर शेळ्या पडल्या होत्या, नाकातोंडाला चिकटा, मागचं अंग घाणीने भरलेलं. ज्या जिवंत होत्या त्यांच्या हिरड्यांवर कोंड्यासारखा थर आलेला. साहेबांनी एक मेलेली शेळी चिरून उघडली. आतड्यावर ह्या रोगाचे काळे पट्टे होते. एरवी हाक मारून शिकवायचे, त्या दिवशी त्यांनी मला दाखवले नाहीत. मग ते उठून एकेका शेळीचं शिंग बघत गेले. निळं. निळं. निळं.

"वर पोचल्यावर ऐकलं होतंत का?" त्यांनी मला विचारलं. आवाजात संशय नव्हता. एक डॉक्टर कारण शोधत होता, बस.

हाच तो क्षण. आजवर हजारदा मी तिथे परत गेले आहे आणि हजारदा खरं बोलले आहे. त्या दिवशी म्हणाले, "नाही साहेब. तुम्ही सकाळी ऐकलं होतं ना."

 साहेब कानाच्या पाळीला हात लावून उभे राहिले.

आठवड्याभरात ते नाशिकला जाऊन कान तपासून आले. तिथल्या माणसाने सांगितलं, वयोमानाने थोडं कमी झालंय, सगळ्यांचं होतं. साहेबांना तेवढं पुरलं. पाणी हललेलं आपण बर्फ समजलो, ह्याची त्यांना खात्रीच पटली.

तोवर पाड्यावरची माणसं परतली होती. आणि सगळा राग म्हातारीवर. तिने मधल्या काळात लेकीच्या गावच्या दोन शेळ्या गोठ्यात घेतल्या होत्या, त्यांनीच रोग आणला. रोग त्यांनीच आणला असेलही. पण टोचलेल्या शेळ्यांना तो लागायला नको होता, आणि तो का लागला हे तिथे फक्त मला माहीत होतं. कोणी तिला शिवी दिली नाही. नुसतं बोलणं टाकलं. पुढच्या वर्षी राखण दुसऱ्याकडे द्यायची, असं ठरत आलं होतं.

साहेबांनी सगळ्यांना गोठ्यापुढे बसवलं. जानी म्हातारी लांब, कुडाला टेकून, गुडघ्यात मान घालून बसली होती. साहेबांनी आधी रिकाम्या गोठ्याला हात जोडले, मग माणसांना.

"जानीबाईंची चूक नाही. लस माझ्याकडून मेलेली आली. मी बर्फ ऐकला, पण माझा कान गेलाय. मला कळलं नाही. दोष माझा आहे."

मी त्यांच्या शेजारी उभी होते, हातात तोच थर्मास.  बदलीचा कागद पर्समध्ये होता. मला वाटत होतं, आता बोलू, हे वाक्य संपलं की बोलू. कोणीतरी मागून म्हणालं, आता आमच्या शेळ्यांना तुमची सुई नको. साहेब म्हणाले, बरोबर आहे तुमचं. मग लहानू उठला, म्हातारीकडे गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दिवाळीनंतर शेळ्या हिच्याकडंच बांधू." म्हातारीने मान वर केली नाही, पण तिचे खांदे हलायला लागले.

दारामागचं ते घर मला आठवलं, आतला चोर दारावर टांगणारं. शिकवणी माझीही झाली होती.

त्यानंतर साहेब थर्मास स्वतःच्या कानाला लावेनासे झाले. रोज सकाळी पायरीवर तो माझ्यापुढे धरायचे. "बाई, बघा. वाजतोय का?" मी ऐकायची. "वाजतोय साहेब." मग ते तो माझ्या हातून घ्यायचे, असे, की जणू मी मोठी मदत केली आहे. असे दोन महिने. मग बदली. मी गेले नाही, असं लिहायला आवडलं असतं. गेले. साहेबांनी निरोपाला मला नवा थर्मास दिला. सहा महिन्यांत त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेऊन नाशिकला घर केल्याचं कळलं. वळणावर थांबायचं कारण उरलं नाही, असं कोणाला तरी म्हणाले होते.

नगरकडे मी तो थर्मास वापरते, आणि कानाला लावते. गेल्या पावसाळ्यात इथल्या नव्या डॉक्टरांनी हसून विचारलं, हे काय? मी रंगवून रंगवून साहेबांची गोष्ट सांगितली, शेळीला 'अहो', बोंबील, हिरवं दार, सगळं. ते पोट धरून हसत होते. आणि शेवटी मी म्हणाले, "नंतर बिचाऱ्यांचा कान गेला." अगदी सहज निघालं तोंडातून. मला स्वतःची किळस आली. त्याच रविवारी मी नाशिकची गाडी पकडली.

बेल दाबली. आतून साहेबांचा आवाज आला, "बेल वाजली का गं?" त्यांच्या बायकोने, वहिनींनी, दार उघडलं. हळूच म्हणाल्या, हे असंच असतं. ऐकू सगळं येतं, पण दर वेळी मला विचारतात. फोन वाजला का, दुधवाला आला का, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या. मी हो म्हटल्याशिवाय उठत नाहीत. डॉक्टर म्हणतात कानाला काही नाही.

साहेब वाळले होते. मला बघून त्यांना भलताच आनंद झाला. वहिनी कुकर लावायला आत गेल्या. मी पाणीसुद्धा घेतलं नाही. रेंजच्या दगडापासून सुरुवात केली आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. मानेवर फिरवलेला तुकडा. वर पोचल्यावर कानाला लावलेला थर्मास. कोमट पाणी. निळा रंग.

 साहेब पुढे सरकून म्हणाले, "पुन्हा सांगा. मला नीट ऐकू आलं का, बघू द्या."

एकदा सांगायला मला तीन वर्षं लागली होती. मी दुसऱ्यांदा सांगितलं, मोठ्याने. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. सांगून झाल्यावर मी वाट बघत बसले. त्यांनी ओरडावं, चालती हो म्हणावं, लहानूचं नाव घ्यावं, म्हातारीचं घ्यावं. काहीही चाललं असतं.

साहेबांचा हात हळूहळू कानाकडे गेला.

"म्हणजे वाजत होता," ते म्हणाले.

"हो साहेब."

"सकाळी. पायरीवर."

"वाजत होता साहेब. चांगला वाजत होता."

ते खुर्चीत मागे टेकले. माझ्याकडे बघतही नव्हते. आत कुकरची शिट्टी झाली.

"तिसरी झाली गं," साहेबांनी आत हाक मारली. "गॅस बंद कर."

वहिनी हात पुसत दारात आल्या आणि त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. गॅस बंद करायला शेवटी मीच उठले.